मोठा मासा आला आणि कोरल मिटले: आधी काय तपासायचं, मग काय

"ताई, एंजल आणल्यापासून सगळे झोआ मिटून बसलेत हो." महिन्यातून एकदा तरी असा फोन येतो. (एंजल हा मासा, झोआ हे पुंजक्याने वाढणारं मऊ कोरल, म्हणजे प्रवाळ.) कधी एंजलच्या जागी टँग नावाचा मासा असतो, कधी फॉक्सफेस. बाकीचं वाक्य तेच. ठाण्यात माझी चार फुटी रीफ टाकी, म्हणजे कोरल आणि समुद्री मासे असलेली खाऱ्या पाण्याची टाकी, बरीच वर्षं चालू आहे, आणि ओळखीपाळखीच्यांच्या टाक्यांत हात घालून घालून या एका दुखण्याचा क्रम आता पाठ झालाय. तो लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे दगडी कोरल, म्हणजे सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं, 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत. समुद्रपंखे आणि काळं प्रवाळसुद्धा. दुकानात कोणी "मिळेल की, थोडं थांबा" म्हणालं तरी घेऊ नका. मी इथे बोलतेय ते झोआ, मशरूम, लेदर, झेनिया, ग्रीन स्टार असल्या कोरलांच्या टाकीबद्दल.

लक्षणं

खालच्यापैकी तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते कागदावर लिहा. "कोरल बिघडलेत" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

- दिवसा कोरल मिटलेले, पण दिवे गेल्यावर किंवा पहाटे अर्धवट उघडलेले. मासे झोपलेले असताना उघडतात, म्हणजे दिवसा कोणीतरी छळतंय.
- झोआच्या पुंजक्यातली डोकी मोजून कमी होताहेत, किंवा लेदरच्या कडेला कुरतडल्यासारखी खाच.
- कोरल चोवीस तास मिटलेले, वर तपकिरी किंवा लालसर शेवाळाचा थर, काच दोन दिवसांत हिरवी. हे बहुधा दाताचं काम नाही, पाण्याचं आहे.
- चिकटवलेले तुकडे रोज सकाळी वाळूत पडलेले.
- कोळंब्या, छोटे खेकडे, गोबीसारखे छोटे मासे नाहीसे.
- मासा काचेला लागून या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा फेऱ्या मारतोय, दुसऱ्या माशांच्या अंगावर जातोय, किंवा अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके आहेत.

पहिली दोन आणि पाचवं लक्षण तोंडाचं, तिसरं पाण्याचं, चौथं आणि शेवटचं टाकीच्या लांबीचं किंवा आजाराचं. तीन निरनिराळी दुखणी आहेत, पण लोक तिन्हींवर एकच औषध काढतात: मासा पकडा. ते सगळ्यात महाग आणि सगळ्यात जास्त नासधूस करणारं औषध आहे, म्हणून माझ्या यादीत ते शेवटी येतं.

1. खुर्ची टाकून बसा (खर्च शून्य)

टाकीपासून सहा-सात फूट लांब बसायचं, हातात खाण्याचा डबा नको. तुम्ही जवळ गेलात की मासे खाण्याच्या आशेने काचेपाशी येतात आणि शहाण्यासारखे वागतात. त्याहून बरं म्हणजे फोन स्टँडवर लावून अर्धा तास चित्रण करा आणि घराबाहेर पडा. मी एकदा असं चित्रण पाहिलं तर फॉक्सफेस झोआ खात नव्हताच. झोआच्या मध्ये उगवलेलं शेवाळ खुडत होता आणि अंग घासलं गेल्याने झोआ मिटत होते. शेवाळ हाताने काढलं, दोन दिवसांत प्रश्न संपला.

रात्रीही एकदा पाहा. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावायचा, लाल उजेडाला बहुतेक प्राणी बुजत नाहीत. हे मी अनुभवाने सांगते. सुरुवातीच्या दिवसांत झोआला भोकं पडायला लागली तेव्हा मी सरळ फॉक्सफेसवर आळ घेतला. त्याला पकडायला अख्खे दगड उपसले, टाकी ढवळून निघाली, अमोनिया चढला, निम्मे झोआ त्यातच गेले. फॉक्सफेस बादलीत आणि तिसऱ्या दिवशी नवीन भोकं तशीच! मध्यरात्री टॉर्च मारला तर दगडाच्या फटीतून एक केसाळ खेकडा शांतपणे जेवत होता. लाइव्ह रॉकसोबत, म्हणजे जिवंत जीवजंतूंसकट टाकीत ठेवतात त्या समुद्री दगडासोबत, फुकट आलेला.

आणखी एक चकवा: लेदर कोरल अधूनमधून आपणहून मिटतं, अंगावर मेणासारखा पातळ पापुद्रा धरतं आणि काही दिवसांनी टाकून देतं. त्या काळात टँग येऊन तो पापुद्रा टोचतात आणि नाव त्यांचं खराब होतं. एकटं लेदरच मिटलं असेल आणि बाकी सगळं उघडं असेल तर आठवडा-दोन आठवडे गप्प बसा. फक्त त्याच्यावर पाण्याचा झोत जरा वाढवा, पापुद्रा लवकर निघतो.

2. मासा नेमका कोणता, ते ठरवा (खर्च शून्य)

दुकानात मिळालेलं नाव म्हणजे ओळख नव्हे. "एंजल" या एका नावाखाली काय काय विकलं जातं ते पाहा. एम्परर एंजल लहानपणी गडद निळा आणि अंगावर पांढरी वर्तुळं असा असतो. मोठेपणी पिवळ्या-निळ्या आडव्या रेघा येतात आणि तो 40 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. कोरान एंजल लहानपणी जवळपास तसाच निळा, फक्त पांढऱ्या रेघा कमानीसारख्या वाकलेल्या. दोघेही निसर्गात स्पंज आणि तसलेच बसून राहणारे जीव खातात. झोआ आणि लेदर त्यांच्या दृष्टीने ताटातली चटणी. ते आज खात नसतील तर अजून चव लागलेली नाही, एवढाच अर्थ.

उलट जेनिकँथस जातीचे, म्हणजे लॅमार्कसारखे, शेपटीला लांब टोकं असलेले एंजल पाण्याच्या मध्यभागी तरंगतं अन्न टिपून खातात. वीस-बावीस सेंटिमीटरचा डौलदार मासा, आणि कोरलकडे ढुंकून पाहत नाही. मला कोणी "मोठा एंजल हवाच" म्हणालं की मी हाच सुचवते.

बटरफ्लायचंही तसंच. रकून बटरफ्लाय कोरलच्या टाकीत म्हणजे शेळीला भाजीच्या मळ्यात सोडणं. पिरॅमिड बटरफ्लाय मात्र तरंगतं अन्न खाणारा, अठरा सेंटिमीटरच्या आसपास, निर्धास्त ठेवा. कॉपरबँड बटरफ्लायला लोक आयप्टेशिया (टाकीत तणासारखं पसरणारं समुद्रफूल) खायला आणतात. तो खातोही, पण बाकी काही खायला शिकला नाही तर उपासाने मरतो. दुकानात तुमच्या डोळ्यांसमोर खाल्ल्याशिवाय तो घ्यायचा नाही.

टँग सहसा कोरल खात नाहीत, शेवाळ खातात. म्हणून ते आपल्या टाकीचे खरे कामकरी. त्यांची अडचण लांबीची, ती पुढे येईल. फॉक्सफेसही शेवाळखाऊ, मेहनती, पण भूक लागली की झोआला तोंड लावणारा. (रात्री त्याच्या अंगावर मळकट तपकिरी डाग येतात. "ताई, मरतोय वाटतं" असे फोन मला रात्री अकराला आलेत. तो त्याचा झोपेतला रंग आहे, झोपा तुम्हीही.)

ट्रिगरमध्ये ब्लूथ्रोट तेवढा त्यातल्या त्यात सभ्य. कोरलला हात लावत नाही, पण कोळंबीची खात्री देता येत नाही. क्लाउन ट्रिगर, पफर, पॅरटफिश यांचं नावसुद्धा काढू नका. लायनफिश आणि ग्रुपर कोरल खात नाहीत हे खरं, पण तोंडात मावेल तो प्रत्येक मासा त्यांचं जेवण. मिटलेल्या कोरलबद्दल त्यांना दोष देऊ नका, गायब गोबीबद्दल द्या.

तेव्हा माशाचा फोटो काढा, लहानपणाचं आणि मोठेपणाचं दोन्ही रूपं पडताळा, आणि दोनच प्रश्न विचारा: हा निसर्गात काय खातो, आणि पूर्ण वाढल्यावर किती लांब होतो. पहिल्याचं उत्तर "बसलेले जीव" असेल तर मधल्या पायऱ्या गाळा आणि थेट सहाव्यावर जा. खाऊ घालून त्याचा स्वभाव बदलत नाही.

3. आठवडाभर पोटभर खायला घाला (खर्च नोरीच्या पाकिटाचा)

माझा अनुभव विचाराल तर टँग आणि फॉक्सफेसच्या तक्रारी इथेच मिटतात. हे मासे समुद्रात दिवसभर चरत असतात. आपण त्यांना संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर एकदा गोळ्या टाकतो आणि मग ते झोआ का खुडतात म्हणून विचारतो. दिवसभर उपाशी ठेवलेलं माणूसही स्वयंपाकघरात डबे उघडत फिरतंच.

सुशीची नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, घ्या, बिनमिठाची आणि बिनतेलाची. सकाळी तळहाताएवढा तुकडा क्लिपने काचेला लावा. संपला की दुपारी दुसरा. शिवाय मायसिससारखं (कोळंबीसारखे बारीक जीव) गोठवलेलं अन्न दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं. गोठवलेला ठोकळा आरओच्या पाण्यात वितळवून गाळून मगच टाका, नाहीतर ते पाणी फॉस्फेट घेऊन टाकीत जातं.

सात दिवस हे नेटाने केलं आणि कोरल उघडायला लागले, तर रोग सापडला. माशाचं पोट पाहा: समोरून पाहताना पोटाची बाजू आत गेलेली दिसत असेल तर तो आधीपासूनच उपाशी होता, बहुधा दुकानापासून.

4. पाणी मोजा (खर्च टेस्ट किटचा)

दहा सेंटिमीटरचा मासा आणि वीस सेंटिमीटरचा मासा यांच्यात दुपटीचा फरक नाही. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, आणि खाणं नि घाण त्या हिशोबाने वाढते. चार क्लाउनफिशवर सुरळीत चाललेला स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) एका वाढत्या सेलफिन टँगपुढे हात टेकतो. हे एका दिवसात घडत नाही, चार-सहा महिन्यांत हळूहळू घडतं. म्हणून लोकांना दोन्हींचा संबंध लागत नाही.

क्षारता आधी: 35 पीपीटी (हजारात 35 भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.026 च्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) 35 पीपीटीच्या प्रमाण द्रावणावर जुळवा, साध्या पाण्यावर जुळवून भागत नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं आरओचं पाणी घालायचं, खारं नव्हे. मीठ उडून जात नाही. हे सांगायला मला अजूनही लाज वाटते, पण दर उन्हाळ्यात एक तरी टाकी अशी सापडतेच. तापमान 25-26 अंश. मे महिन्यात बंद फ्लॅटमध्ये ते 30 च्या वर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि आधी धापा टाकतो तो सगळ्यात मोठा मासा.

मग नायट्रेट आणि फॉस्फेट. मऊ कोरलना नायट्रेट 5 ते 15 पीपीएम (दहा लाखात भाग) चालतं, फॉस्फेट 0.1 पीपीएमच्या खाली. शून्य करण्याच्या मागे लागू नका, त्यानेही कोरल फिके पडतात. नायट्रेट 40 असेल आणि तुम्ही दर वेळी वीस टक्के पाणी बदलत असाल, तर आकडा 40 वरून 32, मग 25.6, 20.5, 16.4, 13.1 असा उतरत सहाव्या वेळी कुठे साडेदहावर येतो, तेही मधल्या काळात मासे काहीच घाण करत नाहीत असं धरून. एकदा पाणी बदलून "फरक पडला नाही" म्हणणाऱ्यांनी हे गणित मांडून पाहावं. आठवड्याला एकदा, दीड-दोन महिने, न चुकता.

आरओच्या पाण्याचा टीडीएसही, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडाही, पाहा. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी सुरू झालं की मेंब्रेन दमतं. मीटरवर शून्य नसेल तर निदान एक आकडी तरी हवं.

5. टाकीची लांबी मोजा

लिटर नंतर, आधी लांबी. टँग पोहणारा प्राणी आहे. यलो टँग वीस सेंटिमीटरपर्यंत जातो, त्याला चार फूट लागतात. "डोरी" म्हणून दोन इंचाचं निळं पिल्लू विकतात ते तीस सेंटिमीटरचं होतं. सेलफिन 40 ला पोचतो, नासो त्याच्याही पुढे जातो. या तिघांना सहा फुटांखाली ठेवू नका. पावडर ब्लू टँग आपल्याच हिंदी महासागरातला, दिसायला असा की पैसे हातात असताना दुकानातून बाहेर पडवत नाही. पण तो भांडखोर, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सगळ्यात आधी त्याला होतो. पहिला टँग म्हणून तो कधीच नको.

आखूड टाकीत अडकलेला मासा फेऱ्या मारतो, अंगाने कोरल घासतो, तुकडे पाडतो, इतरांना झोडतो. "लहान आहे तोवर ठेवतो, मग मोठी टाकी घेईन" हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलंय, स्वतःही म्हटलंय. मोठी टाकी आली नाही.

6. संशयिताला कोठडीत टाका

खात्री करून घ्यायची असेल तर मासा टाकीतच, पण भोकं पाडलेल्या अॅक्रिलिकच्या पेटीत चार-पाच दिवस ठेवा. पेटीत खायला द्या, पाणी तेच राहतं. कोरल उघडले तर गुन्हेगार पेटीत आहे. नाही उघडले तर त्याची माफी मागून पुन्हा चौथ्या पायरीवर जा. फार मोठा मासा पेटीत कोंबू नका; हात पसरून फिरता येईल एवढी जागा नसेल तर ही चाचणी सोडा.

7. मासा काढणं

इथवर आलात तर आता दुसरा इलाज नाही. जाळं घेऊन पाठलाग करू नका, टँगच्या शेपटीच्या मुळाशी सुरीसारखा काटा असतो आणि तो तुमच्या मनगटाला ओळखत नाही. पाण्याची बाटली कापून तोंड उलटं बसवा, किंवा सरकत्या दाराचा पारदर्शक पिंजरा घ्या. चार-पाच दिवस दार उघडं ठेवून त्यातच खायला घाला, मासा निवांत आत जायला लागला की एक दिवस दार पाडा. धीर हेच हत्यार. दगड उपसण्याचा माझा प्रयोग वर वाचलाच आहे.

नवा मासा आणताना तो आधी वेगळ्या टाकीत किमान चार आठवडे ठेवा. ठिपके दिसले तर तांब्याचं औषध त्या वेगळ्या टाकीत, रीफ टाकीत कधीही नाही. कोळंब्या आणि कोरल त्याने मरतात, आणि दगड नि वाळू ते तांबं धरून ठेवतात. रोग मुख्य टाकीत शिरला असेल तर सगळे मासे बाहेर काढून ती टाकी माशांविना ठेवावी लागते. हौशी मंडळींत 76 दिवसांचा दंडक आहे.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

*पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या* तर हात बाहेर, मेन स्विच बंद, इलेक्ट्रिशियनला फोन. हीटर किंवा पंप फुटलेला असतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवल्याशिवाय टाकी पुन्हा सुरू करू नका.

*मोठी टाकी घ्यायची ठरवलीत* तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. सहा फूट बाय दोन बाय दोनच्या टाकीत साडेसहाशे लिटर पाणी मावतं. काच, दगड, स्टँड धरून आठशे किलोच्या घरात. हे सगळं जेमतेम एक चौरस मीटरवर उभं राहतं, आणि राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी आपल्याकडचं मानक चौरस मीटरला साधारण दोनशे किलोचा हलता भार धरतं. भिंतीलगत, तुळईवर ठेवलं तर चालेल की नाही हे तुम्ही, मी किंवा दुकानदार सांगू शकत नाही. जुन्या इमारतीत तर मुळीच नाही.

*सिलिकॉनच्या जोडातून ओल* किंवा काचेला फुगवटा दिसला तर पाणी अर्ध्यावर आणा आणि टाकी बांधणाऱ्याला बोलवा. वरून सिलिकॉन फासणं फुकट.

*फॉक्सफेस किंवा लायनफिशचा काटा लागला* तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा, पोळेल इतक्या नव्हे, आणि तसेच डॉक्टरकडे जा. काट्यात विष असतं. धाप लागली किंवा सूज वर चढली तर वाट पाहू नका.

*झोआ असलेला दगड* कधीही उकळू नका, त्यावर उकळतं पाणी ओतू नका, कोरडा घासू नका. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, आणि त्याची वाफ किंवा तुषार अख्ख्या घराला आजारी पाडू शकतात. दगड हाताळल्यावर ताप, खोकला, तोंडात धातूची चव किंवा डोळे लाल झाले तर रुग्णालयात जा आणि "झोआंथिड, पॅलिटॉक्सिन" हे शब्द डॉक्टरांना कागदावर लिहून द्या, कारण ते त्यांच्या पाहण्यात रोज येत नाही.

*मासा पृष्ठभागावर धापा टाकतोय, दोन दिवस खात नाही, अंगावर जखम आहे,* तर जलचरांवर उपचार करणारे पशुवैद्य शोधा. औषधाच्या बाटल्या एकामागून एक ओतू नका.

काढलेल्या माशाचं काय, हा प्रश्न उरतो. दुकानदार बहुतेक वेळा परत घेतो, पैसे क्वचित देतो. सहा फुटी टाकीवाला कोणी ओळखीत असेल तर त्याला द्या. खाडीत किंवा गिरगावच्या किनाऱ्यावर सोडून येऊ नका. तो तिथे जगणार नाही, आणि जगला तर जास्त वाईट. हौसेच्या टाक्यांतून सुटलेला आपल्याकडचा लायनफिश तिकडे अटलांटिकमध्ये आज केवढा उच्छाद मांडून बसलाय.